आहाराचाही डोस असतो

२०१८-१९च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एक वाद रंगला होता : दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मध्ये काही खाऊ नका. मूळ विचार नागपूरच्या दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा, घरचे आणि आपल्या मातीत पिकणारे खा. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, सकाळी फिरायला जमणाऱ्या मंडळींत लोक हिरिरीने बाजू घेत. कोणाचे किती किलो उतरले याचे आकडे सांगितले जात. त्या चर्चेत एक प्रश्न मात्र क्वचितच कानावर येई : तुम्ही रोज कोणत्या गोळ्या घेता?

सगळे तिथेच अडते. खाणे बदलले की रक्तातली साखर, शरीरातले पाणी, क्षार आणि रक्तदाब यांचा हिशेब बदलतो. काही दिवसांत, कधी कधी तर काही तासांत. आहारात एवढी ताकद आहे म्हणून त्याने आजार हटतात आणि त्याच ताकदीमुळे त्याने अपायही होतो. औषधाला डोस असतो, ते कोणाला चालते आणि कोणाला नाही याचे नियम असतात, सोबत कोणत्या तपासण्या करायच्या हे ठरलेले असते. आहारालाही हे सगळे लागू आहे. अमुक डाएट सुरक्षित आहे का, याचे उत्तर त्या डाएटच्या नावात सापडत नाही. ते खाणाऱ्याच्या किडनीत, यकृतात, वयात आणि औषधांत शोधावे लागते. हे कसे घडते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

जेवण थांबले की आत काय होते

रात्री आठला जेवण झाले असे धरू. पुढचे काही तास शरीर त्या जेवणातली साखर वापरते आणि उरलेली इन्सुलिनच्या मदतीने ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन मावते. स्नायू आपला साठा स्वतःपुरता वापरतात. रक्तातली साखर टिकवण्याची जबाबदारी यकृताच्या साठ्यावर असते. पोटात काहीच गेले नाही तर हा साठा साधारण एका दिवसात संपत येतो. मेंदूला ऊर्जा तर अखंड लागते. मग यकृत दोन वाटांनी सोय करते. स्नायूंतली प्रथिने मोडून त्यांच्यापासून साखर तयार करते आणि चरबीपासून कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये बनवते. ही द्रव्ये मेंदूलाही चालतात. निरोगी माणसात इन्सुलिन थोडेफार हजर असल्यामुळे कीटोनचे प्रमाण आटोक्यात राहते.

या एका बदलातून चार गोष्टी निघतात.

पहिली, पाणी. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. साठा संपला की ते पाणी जाते. शिवाय इन्सुलिन उतरल्यावर किडनी जास्त सोडियम बाहेर टाकते आणि त्याच्यामागून आणखी पाणी जाते. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली आला तर त्यातला बराचसा भाग पाण्याचा असतो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी खाणाऱ्याला एवढी चरबी उतरवायला पंधरवडा लागतो. त्यामुळे ‘आठवड्यात पाच किलो’ ही जाहिरात चरबीबद्दल काहीच सांगत नाही. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याचे मात्र हे पाणी जाताना रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते, आणि सत्तरीतल्या माणसाला एक चक्कर खुब्याचे हाड मोडायला पुरेशी असते.

दुसरी, स्नायू. निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे म्हणणे आहे. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम मिळतात. नुसती काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि सूप यांवर दिवस काढला तर हा आकडा गाठणे अशक्य, आणि कमी पडलेली प्रथिने शरीर स्नायूंतून काढून घेते. आपल्याला हे अधिक महाग पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की सारख्याच बीएमआयच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. आधीच कमी असलेले स्नायू गमावून वजन उतरवणे हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण रक्तातली साखर खपवणारी मोठी जागा स्नायूच असतात.

तिसरी, पित्ताशय. चरबी वेगाने जळते तेव्हा पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरते. जेवणात स्निग्ध पदार्थ नसले तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही आणि ते पित्त साचून राहते. त्यातून खडे होतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरवणाऱ्यांत हा धोका ठळक वाढतो.

चौथी, युरिक आम्ल. कीटोन आणि युरिक आम्ल दोघांनाही किडनीतून बाहेर पडायचे असते, आणि गर्दीत युरिक आम्ल मागे राहते. पूर्वी गाउटचा त्रास झालेल्यांना उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन ठणकू शकतो.

निरोगी, तरुण, कोणतेही औषध न घेणाऱ्या माणसाचे शरीर हे चारही बदल बहुधा निभावून नेते. म्हणूनच दोन जेवणांचा किंवा सोळा तास उपाशी राहण्याचा प्रयोग कित्येकांना सोसतो. अडचण सुरू होते ती गोळ्यांपाशी.

उपाशी पोट आणि मधुमेहाची गोळी

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन यकृतातून येणारी साखर कमी करते. एकटी घेतली तर ती साखर धोक्याइतकी उतरवत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या वेगळ्या वाटेने काम करतात. त्या स्वादुपिंडातल्या पेशींना इन्सुलिन सोडायला लावतात, आणि तुम्ही जेवलात की नाही हे त्या विचारत नाहीत. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाते. ‘मी फक्त एक साधी गोळी घेतो’ म्हणणाऱ्याच्या त्या एका गोळीत बऱ्याचदा ही दोन्ही औषधे असतात.

ती गोळी घेऊन नाश्ता सोडला की इन्सुलिन सुटते, पण त्याला वापरायला साखर नसते. रक्तातली साखर ७०च्या खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, छाती धडधडते, भूक उसळते. आणखी उतरली तर बोलणे असंबद्ध होते, माणूस बेशुद्ध पडतो. वयस्कर माणसात किडनी मंदावलेली असेल तर गोळीचा अंमल लांबतो आणि साखर एकदा वर आणल्यावरही पुन्हा घसरते. म्हणून तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे हा प्रथमोपचार झाला, पण त्यानंतर दवाखाना गाठणे टाळू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

दुसरा धोका नवा आहे आणि तो फारसा माहीत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढतात. हृदय आणि किडनी या दोघांनाही त्यांचा मोठा फायदा आहे. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट ऑक्टोबर २०२०मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५मध्ये संपले, किमती उतरल्या आणि ही औषधे गावोगावच्या चिठ्ठ्यांवर आली. हे चांगलेच झाले. पण ही गोळी चालू असताना कोणी भात-भाकरी पूर्ण बंद करून स्निग्धावर भर देणारा कीटो डाएट सुरू केला किंवा सलग उपवास धरला, तर कीटोन बनवायला दोन बाजूंनी रेटा मिळतो. रक्त आम्लधर्मी होते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसतात. फसवणूक अशी, की ग्लुकोमीटरवर साखर २५०च्या आतच दिसते, त्यामुळे घरच्यांना वाटते, शुगर तर बरी आहे, पित्त झाले असेल. अशा वेळी रक्तातले कीटोन तपासले जाणे जिवावरचे संकट टाळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या धोक्याचा इशारा २०१५मध्येच दिला आहे.

मग मधुमेह असलेल्याने उपवास करूच नये का? करता येतो, पण तयारीने. याचा उत्तम नमुना रमजानच्या निमित्ताने तयार झाला आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि ‘डायबिटीस अँड रमजान’ ही संस्था यांनी २०१६मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१मध्ये त्या सुधारल्या. रोजे सुरू होण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जायचे. वय, औषधे, किडनी, पूर्वी साखर उतरली होती का, यांवरून धोक्याचे गुण मांडायचे. गोळ्यांचा डोस आणि वेळ बदलून घ्यायची. दिवसात साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा. श्रद्धेचा मान राखून जीव सांभाळण्याची ही पद्धत आहे. नवरात्राचे नऊ दिवस, चातुर्मासातले एकभुक्त किंवा दोन जेवणांचा डाएट, यांतल्या प्रत्येकासाठी ती जशीच्या तशी वापरता येते. डॉ. दीक्षितही सुरुवातीला उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी तपासून घ्यायला सांगतात. डाएटचा पुस्तकी भाग उचलणारे हा तपासणीचा भाग गाळतात, तेव्हा तो डाएट वेगळाच होऊन बसतो.

फार कमी खाणे : एकाने जीव गेले, दुसऱ्याने मधुमेह हटला

आहाराच्या सुरक्षिततेचा सगळा धडा दोन घटना शेजारी ठेवल्या की मिळतो.

१९७६मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लिन या डॉक्टरांचे ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक गाजले. जेवण बंद करून द्रवरूप प्रथिने प्यायची, एवढाच कार्यक्रम. ही प्रथिने जनावरांची कातडी आणि स्नायुबंध यांपासून काढलेल्या कोलॅजनची होती. त्यांत शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्ले नव्हती आणि पोटॅशियम, मॅग्नेशियमसारख्या क्षारांची भरपाईही नव्हती. दुकानातून बाटली आणून लोक महिनोन्महिने त्यावर राहिले. १९७७ संपेपर्यंत अशा आहारावर असलेल्या सुमारे साठ जणांच्या मृत्यूची नोंद झाली. बारकाईने तपासलेल्या प्रकरणांत हृदयाचे ठोके अचानक बिघडून मृत्यू आला होता. हृदयही स्नायूच आहे. उपासमारीत तेही झिजते.

आता दुसरी घटना. डिसेंबर २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘डायरेक्ट’ नावाच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ग्लासगोचे माइक लीन आणि न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी स्कॉटलंड आणि टाइनसाइड भागातल्या ३०६ रुग्णांवर तो केला होता. निम्म्यांना तीन ते पाच महिने फक्त सूप आणि शेक, दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी. मग हळूहळू साधे जेवण. एका वर्षानंतर या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के जण या यशापर्यंत पोहोचले. दोन वर्षांनी प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वजन पुन्हा वाढले तसा आजारही परतला.

दोन्हीकडे जेवण बंद आणि पेय चालू. मग फरक कुठे पडला? डायरेक्टमधल्या पाकिटात पूर्ण प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून घातलेले होते. रुग्ण निवडून घेतले होते : वय २० ते ६५, मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिनवर नसलेले. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या आणि गरज पडली तर परत सुरू करण्याचे नियम ठरवून ठेवले. प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी तपासणी करत होते. आणि जेवणाकडे परत कसे यायचे, याचाही दोन ते आठ आठवड्यांचा आराखडा होता.

हा शेवटचा मुद्दा बहुतेक लोकप्रिय डाएटमध्ये गहाळ असतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट जेवण मिळाले तर इन्सुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. आधीच रिते झालेले शरीर हा धक्का सोसू शकत नाही. हृदय आणि श्वास दोन्ही बंद पडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या कैद्यांत डॉक्टरांनी हे पाहिले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचनांनुसार दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच पोटात गेलेले नसेल, तर त्या माणसाला या धोक्यातला समजून अन्न अगदी थोड्यापासून वाढवायचे असते. पर्युषणातल्या अठाईनंतर, म्हणजे आठ दिवसांच्या उपवासानंतर, जैन घरांत पारणे मुगाच्या पाण्याने करतात, ते सावकाश जेवणाकडे नेणारे आहे. उपवासाइतकीच काळजी उपवास सोडण्याची घ्यायची असते.

कीटो : मुलांच्या वॉर्डातून जिमकडे

कीटो डाएटचा जन्म वजन उतरवण्यासाठी झालेला नाही. १९२१मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी, तो सुचवला. २००८मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या संशोधकांनी औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांवर त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत कीटोवरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या. तुलनेच्या गटात असे फक्त ६ टक्के. ज्या घरात मूल दिवसातून अनेकदा झटके सोसते, त्या घरासाठी हा आकडा फार मोठा आहे.

पण तो देतात कसा, ते पाहा. जुन्या पद्धतीत चार ग्रॅम स्निग्धाला प्रथिने आणि पिष्ट मिळून एक ग्रॅम, असे प्रमाण असते. प्रत्येक घास काट्यावर तोलला जातो. खोकल्याच्या औषधातली साखरसुद्धा हिशेबात धरतात. सुरू करण्यापूर्वी रक्ताच्या तपासण्या होतात, कारण चरबी जाळण्याची प्रक्रियाच जन्मतः सदोष असलेल्या मुलाला हा आहार जीवघेणा ठरतो. नंतर उंची, कोलेस्टेरॉल, मूतखडा, बद्धकोष्ठता यांवर नजर ठेवतात, जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम वरून देतात, आणि साधारण दोन वर्षांनी थांबवायचा का, याचा विचार करतात.

जिममध्ये हाच आहार फोनवर आलेल्या तक्त्यातून मिळतो. तिथे मूतखड्याचा इतिहास कोणी विचारत नाही, कोलेस्टेरॉल पुन्हा तपासायला कोणी सांगत नाही. काही जणांत वाईट कोलेस्टेरॉल या आहाराने खूप वाढते आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. कीटो वाईट आहे, असे मी म्हणत नाही. ते जोरकस औषध आहे, आणि जोरकस औषध निगराणीशिवाय घेऊ नये.

डॉक्टरांनी दिलेले पथ्यही शिळे होते

पथ्य डॉक्टरांनी लिहून दिले म्हणजे ते कायमचे सुरक्षित, हा समजही तितकाच घातक. किडनीच्या आजारात हे सर्वांत स्पष्ट दिसते. किडनी मंदावलेली पण डायलिसिस नाही, तेव्हा प्रथिने दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅमवर ठेवायला सांगतात. डायलिसिस सुरू झाले की त्यात प्रथिने वाहून जातात आणि गरज १ ते १.२ ग्रॅमपर्यंत चढते. पथ्य उलटे फिरते. पण घरात जुनाच कागद फ्रिजवर चिकटलेला असतो. डाळ नको, अंडे नको, असे करत रुग्ण वाळत जातो, आणि तो आजाराने वाळला असे सगळ्यांना वाटते.

किडनीचा दुसरा प्रश्न पोटॅशियमचा. रक्तात ते ३.५ ते ५च्या आसपास असावे लागते. फार वाढले तर हृदय थांबू शकते. आता उपवासाचे ताट डोळ्यांसमोर आणा : बटाटा, रताळे, शेंगदाणे, केळी, खजूर, शहाळे. सगळे पोटॅशियमने भरलेले. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणसाला ते उत्तम. ज्याचे पोटॅशियम आधीच वाढलेले आहे त्याला एकादशीचा एक दिवस इस्पितळात नेऊ शकतो. अशा रुग्णाला भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यायला सांगतात. स्टारफ्रूट तर किडनीच्या रुग्णाने तोंडातही घालू नये. त्यातल्या विषारी द्रव्याने न थांबणारी उचकी, भ्रम आणि फिट्स येऊ शकतात.

रक्तदाबासाठीचा ‘डॅश’ आहार हे दुसरे उदाहरण. फळे, भाज्या, कमी स्निग्धाचे दूध, पूर्ण धान्य यांवर भर देणाऱ्या या आहाराची मोठी चाचणी १९९७मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ४५९ प्रौढांनी त्यात भाग घेतला. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा तुलनेच्या गटापेक्षा ११.४ने उतरला. एखाद्या गोळीच्या तोडीचा हा परिणाम. पण हा आहार पोटॅशियमने समृद्ध असतो, म्हणून किडनी अधू असलेल्याने तो विचारल्याशिवाय धरू नये.

मिठाचेही तसेच. सोडियम कमी केलेल्या मिठात त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. पण गंभीर किडनीविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यात घेतलेच नव्हते. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही घेत असाल तर असे मीठ आणण्यापूर्वी विचारून घ्या. आणि सैंधव? तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबासाठी ते साध्या मिठाहून बरे, हा भ्रम आहे.

बारीक वाटणाऱ्या चार गोष्टी

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या अनेकांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा असिनोकुमारोल घ्यावे लागते. ही औषधे के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात, आणि पालक, मेथी, माठ यांत ते भरपूर असते. एकाएकी रोज पालकाची स्मूदी सुरू केली तर औषध निष्प्रभ होऊन झडपेवर गुठळी धरू शकते. रोजची पालेभाजी अचानक सोडली तर रक्तस्राव होऊ शकतो. पालेभाजी बंद करायची गरज नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर स्थिर राहील.

ग्लुटेन सोडणाऱ्यांसाठी दोन सूचना. सिलिॲक आजाराची शंका असेल तर गहू आधी सोडू नका. रक्ताची तपासणी गहू खात असतानाच करायची असते, नाहीतर आजार असूनही ती नकारात्मक येऊ शकते. आणि आजार पक्का झाला तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हे आपले हक्काचे धान्य आहेच, पण फोडणीतला हिंग तपासा. डबीतल्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

सकाळच्या रसाबद्दलही सांगायला हवे. दुधी भोपळ्याचा रस पिऊन मृत्यू झाल्यानंतर २०१०मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात आणि त्यांवर उतारा नाही. रस काढण्यापूर्वी फोड चाखा. कडू लागली तर सगळे फेकून द्या. ‘कडू तेवढे गुणकारी’ म्हणून गिळू नका आणि चव लपवायला दुसऱ्या रसात मिसळू नका. प्यायल्यावर उलट्या किंवा पोटात कळा आल्या तर लगेच इस्पितळात जा.

प्राणिज पदार्थ पूर्ण सोडणाऱ्यांनी बी१२कडे लक्ष द्यावे. दूध-दही बंद झाले की शाकाहारी माणसाचा शेवटचा भरवशाचा स्रोत जातो, आणि दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिनही बी१२ कमी करते. दोन्ही एकत्र आले की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होते, आणि दोष वयाला किंवा मधुमेहाला दिला जातो.

सुरू करण्यापूर्वी, चालू असताना

कोणताही आहार धरण्यापूर्वी घेत असलेली सगळी औषधे, आयुर्वेदिक चूर्णे आणि प्रथिनांची पावडरसुद्धा, एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. क्रिएटिनिन, पोटॅशियम, एचबीए१सी, यकृताच्या तपासण्या, युरिक आम्ल, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन एकदा पाहून घ्या. कोणती गोळी किती कमी करायची आणि साखर किंवा रक्तदाब कोणत्या आकड्याला पोहोचला की फोन करायचा, हे लिहून घ्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तीही आहाराइतकीच विचारून बदलायची असते. आहारतज्ज्ञ निवडताना शिक्षण विचारायला संकोच करू नका. इंडियन डाएटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही पात्रता देते. जो तुमच्या औषधांची चौकशी न करता तक्ता हातात ठेवतो, त्याचा तक्ता कितीही देखणा असला तरी घेऊ नका.

आहार चालू असताना घाम, थरथर किंवा गोंधळलेपण, उलट्यांसोबत धाप, छातीत धडधड किंवा भोवळ, उजव्या बरगडीखाली तीव्र कळ, यांपैकी काही झाले तर तो प्रकार तिथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्या. ‘शरीरातली घाण बाहेर पडते आहे, सहन करा’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. एखादी मुलगी जेवण टाळण्याची कारणे शोधू लागली, वजनाच्या आकड्याने तिचा दिवस ठरू लागला, पाळी थांबली, तर तिचे कौतुक करू नका. तो खाण्याशी निगडित मनोविकार असू शकतो आणि त्याला लवकर उपचार लागतात.

शेवटची विनंती स्वयंपाक करणाऱ्यांना आणि डाएट सुरू करणाऱ्यांना मिळून आहे. घरात एकाने नवा आहार धरला की बघता बघता तो सगळ्या घराचा होतो. वेगळा स्वयंपाक कोण करणार, म्हणून. पण वाढत्या वयाच्या मुलाला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या सुनेला, टाइप १ मधुमेह असलेल्या भावाला आणि ऐंशीतल्या आजीला तो लागू नाही. कमी तेल, जास्त भाजी, कमी साखर एवढे सगळ्यांनी वाटून घ्यावे. उपाशी राहण्याचे तास, भाकरीची संख्या आणि डाळीची वाटी मात्र ज्याची त्याने, आपल्या वयाला आणि आजाराला धरून ठरवायची असते, आणि तब्येत बदलली की ती पुन्हा ठरवायची असते.